आत्याचे एकशे बारा डाग

आत्या अर्धाच कप चहा घ्यायला लागली, तेव्हा घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"बरं झालं, तेवढीच साखर कमी," वहिनी म्हणाली.

"म्हणजे काय की, वय झालं की तहानसुद्धा पेन्शनीत निघते," भाऊ म्हणाला. भाऊच्या प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय की' हे इंजिन लागायचं, त्याशिवाय डबे हलायचेच नाहीत.

आत्याने कप रिकामा करून ठेवला. भरला कप उचलला की तो बशीवर दात वाजवतो आणि अर्धा कप गुमान वर येतो, हे गुपित ती आणि कप या दोघांतच होतं. आठ महिने झाले होते. आधी नुसती उजवी करंगळी, मग शेजारची दोन बोटं, मग मनगट. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, कागदावर गोल काढायला लावला, आणि म्हणाले, "जीवाला धोका नाही. पण हे जाणारही नाही." आत्याने तो कागद चार घड्या घालून पर्सच्या चोरकप्प्यात ठेवला आणि सरळ दुकानात जाऊन कामाला बसली.

दुकान दुरुस्तीचं. टीव्ही, मिक्सर, पंखे, रेडिओ, जे बंद पडेल ते. भाऊ पुढे काउंटरवर बोलायचा आणि आत्या मागे भिंतीकडे तोंड करून बाकावर डाग द्यायची. तारेचं टोक जागेवर टेकवायचं, सोल्डरिंग गनने कथील वितळवायचं आणि टपोरा थेंब असा बसवायचा की तार आणि पट्टी यांचं लग्नच लागलं पाहिजे. तो डाग. चौतीस वर्षं ती हेच करत होती. सगळी गल्ली तिला डागआत्या म्हणायची, आणि ती स्वतः म्हणायची, "माझ्या डागाला डाग नाही." हे ती फुशारकीने म्हणायची नाही. आज मंगळवार आहे, असं म्हणावं तसं म्हणायची.

दुकानाचा कायदा एकच, तोही तिच्या वडिलांनी घालून दिलेला: हलतं ते सुटलेलं. चित्र हललं, आवाज खरखरला, दिवा लुकलुकला, की इकडेतिकडे शोधायचं नाही. कुठेतरी डाग सुटलाय, तो शोधायचा. चौतीस वर्षांत हा कायदा एकदाही खोटा पडला नव्हता.

वडिलांची नजर अधू झाली तेव्हा भाऊनेच त्यांच्या हातातून गन काढून घेतली होती. अगदी प्रेमाने. "म्हणजे काय की बाबा, आता आराम करा." दुकानाच्या दारात त्यांना खुर्ची टाकून दिली. वडील तिथे बसून रस्ता बघायला लागले. दोन वर्षांत माणूस कुठला आणि खुर्ची कुठली, ते वेगळं ओळखू येईना. ती खुर्ची अजून दुकानात होती. आत्या तिच्यावर कधी बसत नसे, पिशवीसुद्धा ठेवत नसे.

आणि अशात त्या टेबलाचं काम आलं.

आणलं भाचीने, म्हणजे भाऊच्या मुलीने. ती कॉम्प्युटरमधली. वयस्कर लोक दिवसभर येऊन बसतात अशा एका केंद्राच्या बाईंना मोठं टेबल हवं होतं. वर चित्रं दिसतील आणि चार-पाच जण एकाच वेळी बोटांनी ती सरकवतील, फिरवतील, जुने फोटो जुळवतील असं. "लोक एकेकटे भिंतीकडे बघत बसतात हो," बाई म्हणाल्या होत्या. "एका टेबलाभोवती बसले तर भांडतील तरी." तयार टेबल त्यांना झेपणारं नव्हतं. भाची म्हणाली, "आम्ही बनवू." बाई म्हणाल्या, "छान, पण शनिवारी अकरा वाजता दाखवा. छान, पण शोभेची वस्तू नको." प्रत्येक 'छान'ला 'पण' जोडलेलाच असल्यामुळे भाचीने त्यांचं नाव छानपण ठेवलं होतं.

खोका सुताराने केला. सुतार दर वाक्याला "बरोबर का चूक?" विचारायचा आणि उत्तर ऐकायला कधीच थांबायचा नाही. "टेबलाला पोट पाहिजे, बरोबर का चूक? पोटात प्रोजेक्टर बसणार, बरोबर का चूक? मग पोटाला हवा लागणार." त्याने मागे जाळी बसवली.

वर प्लास्टिकची जाड पारदर्शक काच, साडेतीन फूट लांब. तिच्या चारी कडा पॉलिश पेपरने घासून आरशासारख्या केलेल्या. कडांना लागून बारीक दिव्यांची माळ, एका बाजूला अठ्ठावीस, म्हणजे एकूण एकशे बारा. हे दिवे पेटले तरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा उजेड काचेच्या आतच कोंडून राहतो. वरून बोट टेकलं की तेवढ्याच जागी तो खाली गळतो आणि खालच्या कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसतो. एक बोट, एक ठिपका. कॅमेऱ्याला फक्त हाच उजेड दिसावा म्हणून भाचीने त्याच्या पोटातली एक काच काढून टाकली आणि तोंडावर जुन्या फोटोच्या फिल्मचा काळाकुट्ट तुकडा चिकटवला.

"ठिपका काय म्हणतेस?" आत्या म्हणाली. "डाग म्हण."

मग सगळे डागच म्हणायला लागले.

एकशे बारा दिवे, दिव्याला दोन पाय, पायाला एक डाग. आत्याने एका दिव्याचे दोन्ही मिळून एकच डाग धरला; उगाच आकडे फुगवायची तिला सवय नव्हती. हात थरथरायचा, पण त्याच्या थरथरीला एक लय होती, आणि आत्याने ती आठ महिन्यांत पाठ केली होती. करंगळी फळीवर दाबून धरायची, श्वास सोडायचा, लाट येऊन गेली की मधल्या फटीत गन टेकवायची. आधी एका डागाला दोन सेकंद लागायचे, आता अर्धं मिनिट. पण डाग तोच, टपोरा, चकचकीत. ती मुद्दाम सकाळी लवकर येऊन, भाऊ दुकानात यायच्या आत, जास्तीत जास्त उरकून घ्यायची.

गुरुवारी दुपारी टेबल पहिल्यांदा पेटलं. भाचीने पंजा टेकवला आणि तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाच शुभ्र डाग उमटले.

"आई गं!" भाची ओरडली.

सुताराने दोन्ही पंजे टेकवले. "दहा! बरोबर का चूक?" ते बरोबर होतं, आणि पहिल्यांदाच त्याने थांबून उत्तर ऐकलं.

"आता नेम बसवायचा, म्हणजे बोट नक्की कुठे टेकलंय ते टेबलाला शिकवायचं," भाची म्हणाली. "टेबलावर वीस फुल्या दिसतील. आत्या, तू एकेका फुलीवर बोट ठेव आणि मी हो म्हणेपर्यंत उचलू नको. मी इकडे कीबोर्डवर आहे."

आत्याने डावा हात पुढे करावा, तर त्याच्यात टेस्टरची तार. आणि तार खाली ठेवून हात बदलला, तर भाची विचारणार, का बदललास? तिने उजवं बोट फुलीवर ठेवलं. जोरात दाबलं. करंगळी टेकवायला इथे फळी नव्हती.

पडद्यावर डाग उमटला. मग हलला. मग फुटला, एकाचे दोन झाले, एक गेला, परत आला, परत गेला.

"उचलू नको ना गं!"

"नाही उचललं."

"मग जातोय कुठे? अगं, हा बघ, नाचतोय नुसता. बाबा! फॉल्ट आहे!"

भाऊ काउंटर सोडून आला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "म्हणजे काय की, यात बघायचं काय? ताई, तूच सांग तिला. हलतं ते?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आत्याने बोट उचललं, मुठीत झाकलं, आणि म्हणाली, "सुटलेलं."

म्हटलं तिने. स्वतःच्या तोंडाने. तिच्या एकशे बारांतला एक डाग कच्चा आहे, असं तिनेच सांगितलं.

शुक्रवार सगळा त्यात गेला. हे दिवे डोळ्याला दिसत नसले तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतात. भाऊ मोबाइल धरून एकेका दिव्यापाशी थांबायचा आणि चिमट्याने तार ओढून बघायचा. एक पक्का. दोन पक्का. आत्या शेजारी उभी राहून हुंकार देत होती. चोराने पोलिसांबरोबर चोर शोधावा, तशी तिची गत. पन्नास झाले, सत्तर झाले, एकही हलेना.

"म्हणजे काय की, सत्तेचाळीस नंबर जरा फिका वाटला मला," भाऊ म्हणाला, आणि त्याने गन उचलली.

फिका कसला, तो गुरुवारच्या सकाळचा तिचा सगळ्यात देखणा डाग होता. भाऊने तो वितळवला आणि स्वतःचा दिला. भाऊचा डाग म्हणजे उंबरठ्यावर सांडलेली पातळ भाजी. आत्याने मान दुसरीकडे वळवली. असे त्याने अकरा डाग बदलले.

संध्याकाळी भाची म्हणाली, "बाबा, तुम्ही कीबोर्डवर बसा, मी बोट ठेवते." वीस फुल्या, वीस डाग. एकही हलला नाही.

"बघ! त्या अकरांतलाच कुठलातरी होता!" भाऊने टाळी दिली. मग आवाज खाली आणला. हा आवाज आत्याला ओळखीचा होता. वडिलांसाठी काढला होता, तोच. "ताई, म्हणजे काय की, तू मनाला लावून घेऊ नको. होतं असं. सोमवारपासून डाग मी देत जाईन. तू पुढे बस जरा. चार माणसांशी बोल."

"पुढे कुठे?"

"खुर्ची आहे ना."

आत्याने पर्स उचलली. डागाचं नाव गेलं होतं, हातातली गन जाणार होती, आणि उरलं काय होतं, तर पर्समधला चार घड्यांचा कागद. त्या कागदासाठी तिने बाकीचं घालवलं होतं.

शनिवारी दहाला टेबल केंद्रावर पोहोचलं. सुतार पाठीमागे हात बांधून त्याच्याभोवती फिरत होता. खोली मोठी आणि तिला खिडक्याही मोठ्या, ऊन थेट टेबलावर. भाचीने टेबल सुरू केलं तर टेबलाला बोट न लावताच कॉम्प्युटरवर पांढरा पूर. "उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो! पडदे ओढा, पडदे!" पडदे ओढले. पूर ओसरला. भाचीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. आत्या मागे भिंतीला टेकून उभी होती, उजवा हात पर्सच्या पट्ट्यात अडकवून.

अकराला बाई आल्या. मागून एकेक करून आजीआजोबा आले आणि जरा अंतर ठेवूनच थांबले, नव्या पाहुण्यापासून थांबावं तसे. बाईंनी बोट टेकवलं. टेबलावर एक जुना फोटो होता. तो बोटाबरोबर सरकला, दोन बोटांनी मोठा झाला, फिरला.

"छान," बाई म्हणाल्या.

भाची 'पण'ची वाट बघत होती.

"पण मी कशाला? ज्यांचं आहे त्यांना करू दे." त्यांनी मागे वळून हाक मारली. "टायपिस्टसाहेब, या. बोटांचे राजे तुम्ही."

टायपिस्टआजोबा उंच, वाळके. कुठल्याशा कचेरीत चाळीस वर्षं टाइप केलेलं. बोलतानाही एकेक शब्द सुटा करून ठोकायचे. "माझी. पन्नासची. स्पीड. होती," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

आत्याने तो हात बघितला. थरथरीत तो तिच्या हातापेक्षा चार पावलं पुढे गेलेला होता.

बोट टेकलं. फोटो उसळला. डावीकडे गेला, सुटला, परत पकडला गेला, फिरून उलटा झाला. कुणीतरी मागून हसलं. "अहो, फोटो आहे, घोडा नाही!" आजोबांनी परत टेकवलं. फोटो टेबलाच्या कडेला जाऊन धडकला. त्यांनी हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. अगदी आत.

"न. को. मला," ते म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मी म्हटलं होतं, शोभेची वस्तू नको."

"म्हणजे काय की, एक मिनिट!" भाऊने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "एक डाग सुटलाय फक्त. ताई, तोच तो, परत सुटला. खोललं की दहा मिनिटांत देतो." तो टेबलाशी गुडघे टेकून बसलासुद्धा. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. आता काच वर येणार, नेम बिघडणार, एकशे बारा डाग लोकांसमोर पुन्हा तपासले जाणार, आणि एकही सुटलेला सापडणार नाही. बाई तोवर थांबणार नाहीत. आणि टायपिस्टआजोबा त्या टेबलाजवळ पुन्हा येणार नाहीत, हे तर आत्याला लिहून दिल्यासारखं ठाऊक होतं. तिसरा स्क्रू.

"भाऊ, ठेव ते खाली."

"ताई, हलतं ते..."

"ठेव म्हणते ना!"

हा आवाज वडिलांचा होता. भाऊचा स्क्रू-ड्रायव्हर हवेतच थांबला.

आत्याने पर्सच्या पट्ट्यातून हात सोडवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बोट काचेवर टेकवलं. फोटो नाचायला लागला. आजोबांच्या हातून नाचला होता तसाच.

"आता डावं." तिने उजवं उचलून डावं बोट टेकवलं. फोटो जागच्या जागी थांबला. "डाग पक्के आहेत. सगळे. तू बदललेस ते अकरासुद्धा पक्के होते. हलतो तो हात आहे. आठ महिने."

भाऊने तोंड उघडलं. इंजिन चालू झालं, "म्हणजे काय की..." आणि पुढे डबेच नव्हते.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "उजवं बोट परत टेकव. तसंच ठेव."

"अगं, हलतंय ते."

"हलू दे. तेच पाहिजे मला." तिची बोटं कीबोर्डवर धावायला लागली. "कॅमेरा सेकंदाला साठ वेळा बघतो. तुझं बोट एवढंसं उचललं जातं आणि याला वाटतं, गेलं. फोटो सोडून देतो. याला वाट बघायला शिकवायला हवं. पण किती? फार थांबला तर बाकीच्यांना टेबल आळशी वाटेल. आम्ही तपासलं ते आमच्याच बोटांनी. मूर्ख आहोत आम्ही. आत्या, दाब... आता सरकव... परत."

फोटो उसळला. भाचीने वाट बघण्याचा आकडा वाढवला. फोटो थरथरला. अजून वाढवला. फोटो आत्याच्या बोटामागून पायात खोडा घातल्यासारखा रखडत यायला लागला. "जास्त झालं." एक पायरी कमी. खोलीत सगळे त्या एका थरथरत्या बोटाकडे बघत होते. आठ महिन्यांत कुणी बघितलं नव्हतं इतकं. आत्याचे कान तापले होते, पण बोट तिने उचललं नाही.

मग फोटो तिच्या बोटाखाली शांतपणे, सावलीसारखा सरकला. बोट हलत होतं. फोटो हलत नव्हता.

आत्याने मागे बघितलं. "या हो, टायपिस्टसाहेब. खिशात काय टाइप करताय?"

आजोबांनी हात काढला. तिच्या बोटाशेजारी बोट ठेवलं. फोटो एकदा दचकला. भाचीने शेवटची एक पायरी दिली. फोटो थांबला. त्यांनी तो स्वतःकडे ओढला, सरळ केला, वाकून बघितला.

"हा. कोण. टकल्या?"

"मी आहे तो!" मागून कुणीतरी खवळलं, आणि सगळे टेबलाकडे सरकले. दोन मिनिटांत कोपऱ्याच्या जागेवरून भांडण लागलं.

"छान," बाई म्हणाल्या. भाचीने वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. बाई भांडण सोडवायला गेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर भाऊ गाडीत पुढे बसून रस्ता बघत राहिला, आणि त्याच्या मानेकडे बघत आत्या मागे. रविवारीही तो सकाळीच कुठेतरी गेला, जेवायला आला, परत गेला. वहिनीने विचारलं तर म्हणाला, "काम आहे." बिनइंजिनाचं वाक्य! वहिनीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी आत्या दुकानात गेली तेव्हा शटर आधीच वर होतं. पहिली तिची नजर दाराकडे गेली. तिथे खुर्ची नव्हती. मग बाकाकडे. गनच्या स्टँडमध्ये गन नव्हती. तिचे पाय दारातच थांबले.

बाकाखालून सुतार बाहेर आला, केसांत भुसा. "मनगट टेकलं की बोट सुटं राहतं, बरोबर का चूक?" बाकाच्या कडेला एक गुळगुळीत, मधे खोलगट अशी फळी बसवली होती. लाकूड ओळखीचं होतं. त्या खुर्चीचा हात होता तो.

भाऊ गन तापवत उभा होता. त्याने तिच्याकडे न बघता ती तिच्यापुढे धरली, दांडा तिच्या बाजूला करून. "म्हणजे काय की," तो म्हणाला, "हलतं. पण सुटलेलं नाही. बाबांचा कायदा जरा... म्हणजे काय की..."

आत्या बसली. मनगट खोलगटात ठेवलं. समोर कुणाचा तरी रेडिओ उघडा पडला होता. तिने श्वास सोडला, लाट जाऊ दिली, गन टेकवली. टपोरा डाग बसला.

"दोन सूत उंच झालंय," ती सुताराला म्हणाली. "काढ आणि परत बसव."

"बरोबर का चू..."

"चूक."

आतून चहा आला. भाऊने तिचा कप काठोकाठ भरला. उचलताना थोडा बशीत सांडला. आत्या बशीतलाही प्यायली.